सहवासाचा लेख

घर वाटताना आपण लिहितो; घर एकत्र करताना लिहीत नाही. मराठी कुटुंबाची ही जुनी रीत आहे. भावाभावांत बेबनाव झाला, चुली वेगळ्या झाल्या, म्हणजे मग पंच बसतात, वाटणीपत्र होते, आणि त्यात माजघर कोणाचे, जिना कोणाचा, परसातील विहीर सामाईक की एकट्याची, पावसाचे पाणी कोणाच्या अंगणातून जावे, इथपर्यंत सर्व तपशील साक्षीदारांच्या सह्यांनिशी नमूद होतो. जुन्या दप्तरांत असली पत्रे रुमालच्या रुमाल सापडतील. परंतु हेच भाऊ एकत्र नांदत असताना पाणी कोणी भरावे, जिना कोणी झाडावा, पाहुण्यांचा खर्च कोणी सोसावा, याविषयी एक ओळदेखील कोणी लिहून ठेविलेली आढळत नाही. प्रेम होते तोवर लेख नव्हता. लेख आला तेव्हा प्रेम उरले नव्हते. याचा परिणाम असा झाला आहे की लेख म्हणजे अविश्वास, अशी आपल्या मनाची पक्की समजूत होऊन बसली आहे.

ही समजूत आज तपासून पाहण्याचे कारण असे. जुन्नर, मंचर, घोडेगाव या गावांतून दरवर्षी अनेक मुले-मुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्याला जातात आणि तिघे-चौघे मिळून एखादी जागा घेऊन राहतात. घरमालकाशी होणारा त्यांचा करार कायद्यानेच लेखी झाला आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाचे ५५ वे कलम असे सांगते की, जागा भाड्याने किंवा परवान्याने देण्याचा करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची असून ती त्याने टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. येणेप्रमाणे मालक आणि राहणारे यांच्यामधील व्यवहार शासनाने कागदावर आणिला. परंतु राहणाऱ्यांचा आपसांतील व्यवहार मात्र कोणाच्याच कागदावर नाही. भाड्याचा वाटा कोणाचा किती, खिडकीजवळची जागा कोणाची, एकजण मध्येच निघून गेला तर अनामत रकमेचे काय, हे प्रश्न मैत्रीवर सोडून दिलेले असतात. आणि आमच्या पाहण्यात असे आहे की मैत्रीला एवढा भार पुष्कळदा झेपत नाही. मालकाशी भांडण होऊन घर सुटण्याचे प्रसंग आम्ही थोडे पाहिले; सोबत्याशी अबोला धरून घर सुटल्याचे पुष्कळ.

या प्रश्नाचे उत्तर शोधावयास दूर जावे लागत नाही. ज्या गावातून ही मुले निघतात, त्याच जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत हा प्रश्न सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सोडविलेला आहे.

जुन्नरला वेढून असणाऱ्या शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्री या डोंगरांत मिळून दोनशेंहून अधिक लेणी खोदलेली आहेत. भारतात एका गावाभोवती एवढी लेणी अन्यत्र नाहीत. यांपैकी चैत्यगृहे, म्हणजे पूजेची स्थाने, थोडी; बहुतेक सारी भिक्षूंची राहती घरे होत. नाणेघाटातून कोकणात उतरणाऱ्या व्यापारी वाटेवर हे नगर होते, आणि वाटेवरच्या धनिकांनी व कारागिरांनी ही घरे भिक्षुसंघाला करून दिली. अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाच्या दर्शनासाठी आपण लेण्याद्रीच्या ज्या दालनात उभे राहतो, ते वस्तुतः असे एक घरच आहे. मधोमध खांबांवाचून केलेले एक विस्तीर्ण दालन, डाव्या-उजव्या भिंतींत सात-सात खोल्या, मागल्या भिंतीत सहा, एकूण वीस. आज मागल्या मधल्या जागेत श्रीगजानन विराजमान आहेत. परंतु खोदणाराने जेव्हा टाकी ठेविली तेव्हा त्याच्या दृष्टीसमोर एकाच छपराखाली राहणारे, परस्परांचे कोणीही नातलग नसलेले बरेच पुरुष होते. एक दालन, एक पोढी, एक ओसरी सर्वांची. आणि प्रत्येकाला पाठ टेकण्यापुरती खोली. आजच्या विद्यार्थ्यांच्या बिऱ्हाडाचा आराखडा याहून फारसा निराळा नाही.

या घरांच्या भिंतींवर लेख आहेत, आणि ते फार बोलके आहेत. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाच्या सुलसदत्त नामक पुत्राने दिले. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिली. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या, चित नावाच्या दुसऱ्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. मानमोडीवर महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम, याने ४६ व्या वर्षी पोढी व मंडप करविल्याचा लेख आहे. आडुथुम नामक शक उपासकाने झाडे लावण्याकरिता जमीन दिली. करंजाच्या झाडांसाठी वीस निवर्तने, असा नेमका आकडा त्यात आहे. बुरुडांच्या व कासारांच्या श्रेणींकडे ठेवीदाखल दिलेल्या धनाचाही उल्लेख येथील लेखांत येतो. कोणी दिले, काय दिले, कशासाठी दिले, आणि त्याचा खर्च पुढे कोठून चालावा, या चार गोष्टी दगडावर स्पष्ट करून ठेवण्याची ही पद्धत होती.

या पद्धतीचा सर्वांत पूर्ण नमुना पाहावयाचा तर जुन्नरहून नाशिकला गेले पाहिजे. तेथील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने या लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कधीही न मोडावयाची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविली. पैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज. एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण. पहिल्या रकमेचे व्याज वस्त्रांसाठी, लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण. वाचकांनी हिशेब करून पाहावा: दोन हजारांचे दरमहा वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, आणि वीसांनी भागिले म्हणजे बरोबर बारा. एक कवडी अधिक नाही, उणी नाही. हा व्यवहार नगराच्या सभेत जाहीर करून फलकावर नोंदविला, असेही लेख सांगतो. ज्या लेण्यासाठी हा खटाटोप केला त्यात खोल्या सोळा, आणि लेखातील भिक्षू वीस; अर्थात काहींना खोलीत सोबती असावाच लागे. दानशूराची उदारता आणि सावकाराची काटेकोर दृष्टी एकाच ठिकाणी नांदू शकतात, हे या लेखावरून आपण शिकावे. त्याच नाशिकच्या तिसऱ्या लेण्यातील गौतमीपुत्र सातकर्णीचा एक लेख याहूनही व्यवहारी आहे. भिक्षूंना पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही, गावही ओस पडले आहे, असे कळल्यावर राजाने नगराच्या सीमेवरील आपल्या खाजगी जमिनीपैकी शंभर निवर्तने त्याऐवजी दिली, आणि तो बदलही लिहविला. परिस्थिती पालटली तर लेखही पालटावा, हे तत्त्व राजालाही मान्य होते.

परंतु येथे एक गोष्ट ध्यानी धरिली पाहिजे. दगडावरचे हे सारे लेख देणारा आणि घेणारा यांच्यामधले आहेत. आजच्या भाषेत म्हणावयाचे तर मालकाशी केलेले करार. वीस खोल्यांपैकी ओसरीजवळची उजेडाची खोली कोणाला, कोपऱ्यातील अंधारी कोणाला, पोढीतून पाणी कोणी काढावे, हे कोणत्याच भिंतीवर लिहिलेले नाही. ते लिहिलेले आहे विनयात. जुन्नरला धर्मोत्तरीय नामक पंथाची वस्ती होती असे तेथील लेखावरून दिसते. विनयाचा जो पाठ पाली भाषेत आपणांपर्यंत आला तो स्थविरवादी पंथाचा आहे. तथापि सहवासाचे मूळ नियम निरनिराळ्या पंथांत बव्हंशी समानच होते. हे नियम आधी पाठांतराने आणि मागाहून ग्रंथरूपाने टिकले. जुन्नरच्या त्या खोल्यांतील दिनक्रम समजून घेण्यास याहून चांगले साधन नाही.

विनयातील शयनासन-प्रकरण वाचताना प्रथम जाणवते ते हे की, साधू झाले म्हणून माणसे खोलीवरून भांडावयाची थांबत नाहीत, ही गोष्ट नियमकर्त्याने मनाशी पक्की धरिली होती. एका मुक्कामी काही भिक्षूंचे शिष्य पुढे धावत जाऊन सर्व खोल्या आपल्या गुरूंसाठी अडवून बसले, आणि मागून आलेल्या सारिपुत्रासारख्या थोर पुरुषाला रात्र झाडाखाली काढावी लागली. यावर उपाय असा योजिला की मान ज्येष्ठतेने द्यावा. पण संघाची वस्तू ज्येष्ठतेच्या बळावर कोणी अडवूनही धरू नये. खोल्या वाटण्यासाठी संघाने एक भिक्षु नेमावा. तो पक्षपात, द्वेष, मोह व भय यांपासून मुक्त असावा, आणि काय दिले व काय शिल्लक आहे याची त्याला माहिती असावी. त्याने आधी माणसे मोजावी, मग अंथरुणाच्या जागा मोजाव्या, आणि नंतर वाटप करावे. ही वाटणी पावसाळ्याच्या आरंभी होई. एकदा मिळाले ते जन्माचे, असे नव्हे.

याहून सूक्ष्म नियम पाचित्तिय या भागात आहेत. आधीपासून राहणाऱ्या भिक्षूच्या अंगावर येईल अशा रीतीने, ज्याला अडचण होईल तो आपणच निघून जाईल असा हेतू मनात धरून, जाणूनबुजून अंथरूण पसरणे हा दोष. रागाच्या भरात सोबत्याला खोलीबाहेर काढणे हा दोष. निघून जाताना पलंग-आसन जागच्या जागी न ठेवता, कोणाला न सांगता जाणे हाही दोष. माळ्यावर सुटे पाय असलेला पलंग असेल तर त्यावर धाडकन बसू नये, कारण त्याचा पाय निसटून खाली राहणाऱ्याच्या डोक्यावर पडतो. आणि तसा तो एकदा पडलाही होता! ज्या मनाने निर्वाणाचा विचार केला त्याच मनाने पलंगाच्या पायाचाही केला, याचे आम्हांस फार कौतुक वाटते. सहवास मोडतो तो मोठ्या तत्त्वांवरून नव्हे, पलंगाच्या पायावरून मोडतो, हे त्या मनाने ओळखिले होते.

नियम असूनही कलह झालाच नाही असे नाही. कौशांबीचे प्रकरण प्रसिद्ध आहे. अट्ठकथेत त्याचे मूळ सांगितले आहे ते ऐकून आजच्या कोणत्याही वसतिगृहाचा व्यवस्थापक मान डोलवील. शौचकूपातील भांड्यात एका भिक्षूने वापरून उरलेले पाणी तसेच ठेविले. दुसऱ्याने तो दोष असल्याचे सांगितले; पहिल्याने तो कबूल करण्याची तयारी दाखविली; तेव्हा, मुद्दाम केले नसेल तर दोष नाही, असे म्हणून दुसऱ्याने विषय मिटविला. पण मागाहून त्याने आपल्या शिष्यांपाशी, अमक्याला स्वतःचा दोषही कळत नाही, असे बोलून दाखविले. शिष्य शिष्यांना भिडले, संघ दुभंगला, आणि खुद्द बुद्धाचेही कोणी ऐकेना. शेवटी तो एकटाच अरण्यात निघून गेला. येथे उणीव नियमाची नव्हती. नियम होता, दोघांना ठाऊकही होता. तोंडावर मिटविलेली गोष्ट पाठीमागे उकरून काढिली, हे त्या कलहाचे बीज होते.

त्याच प्रवासात बुद्धाला अनुरुद्ध, नंदिय व किंबिल हे तिघे एकत्र राहताना भेटले, आणि त्यांचा सहवास कसा चालतो हे त्याने विचारून घेतले. त्यांची व्यवस्था साधी होती. भिक्षेहून जो आधी परतेल त्याने आसने मांडावी व पाणी ठेवावे. जो शेवटी येईल त्याने उरलेले खाऊन झाडलोट करावी. रिकामा घडा ज्याच्या दृष्टीस पडेल त्याने तो भरावा, आणि एकट्याला उचलेना तर खुणेने दुसऱ्याला बोलवावे. आणि दर पाचव्या रात्री तिघांनी एकत्र बसून धर्मचर्चा करावी. या व्यवस्थेत पाळी लावलेली नाही, काम लावलेले आहे. आणि ज्याच्या डोळ्यांना ते दिसेल त्याचे ते आहे.

या कथेवरून कोणी म्हणेल की, पाहा, मने जुळली म्हणजे लेख कशाला हवा? आम्हांस हे मत अर्धेच मान्य आहे. याच व्यवस्थेची नक्कल करणाऱ्या दुसऱ्या भिक्षूंची हकीकत विनयातच आहे. भांडण नको म्हणून त्यांनी सबंध पावसाळा एकमेकांशी अक्षरही न बोलण्याचे ठरविले. कामे त्याच रीतीने वाटून घेतली, खुणांवर निभावले, आणि आपण सुखाने राहिलो असे मोठ्या अभिमानाने सांगितले. त्यावर बुद्धाने त्यांची निर्भर्त्सना केली. हे राहणे माणसांचे नव्हे, पशूंचे, असा तिचा आशय होता. आणि या प्रसंगावरूनच प्रवारणेचा विधी घालून दिला. पावसाळा संपला म्हणजे प्रत्येक भिक्षूने सोबत्यांपुढे बसून, माझे काही चुकले असे तुम्ही पाहिले असेल, ऐकिले असेल, तुम्हांस तशी शंका आली असेल, तर सांगा, अशी स्वतः होऊन विनंती करावयाची. अनुरुद्धाच्या घरात पाचवी रात्र होती. या मुक्या घरात ती नव्हती. फरक एवढाच होता, पण तोच सर्व काही होता.

आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे सार हे आहे. लेख हा सहवासाचा पाया खरा. परंतु तो एकदा लिहून पेटीत ठेवावयाचा नसतो. भिक्षू आपले नियम दर पंधरवड्याला एकत्र बसून मोठ्याने म्हणत, आणि वर्षातून एकदा परस्परांपुढे मन मोकळे करीत. म्हणून तो लेख जिवंत राहिला. आपली वाटणीपत्रे मात्र कज्जा निघाला तरच पेटीबाहेर येतात.

येथे कोणी असाही आक्षेप घेईल की, संन्याशाला ना पैसा, ना संसार. त्याचे नियम संसारी माणसाला कसे लागू पडावे? याचे उत्तर याच भूमीच्या अलीकडील इतिहासात आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ पट्ट्यातून पोटासाठी मुंबईस जाणाऱ्यांची रीघ फार जुनी. परदेशी कापडाच्या लॉरीपुढे उभे राहून १२ डिसेंबर १९३० रोजी प्राण देणारे बाबू गेनू हे आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे, आणि मुंबईत गिरणीकामगार. अशा कामगारांची मुंबई म्हणजे चाळीतील सामाईक खोली. १९२० नंतरच्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, शिवडी व परळच्या डिलाईल रोडवर बी. डी. डी. चाळी बांधिल्या, इमारती २०७, आणि खोली सुमारे १६० चौरस फुटांची. गिरणगावात तेवढ्या खोलीत गावाकडची कितीतरी माणसे राहत. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याने उठून जागा द्यावयाची. वळकटी गुंडाळून कोठे ठेवावयाची, नळाला कोणी लागावयाचे, खानावळीचे पैसे कधी द्यावयाचे, हे सारे ठरलेले. ही माणसे पैसेवाली नव्हती, परंतु संन्यासीही नव्हती. त्यांचा करार कागदावर नव्हता, कारण तो गावाच्या नजरेवर होता: येथे वागणे चुकले तर आठवडाभरात बातमी गावच्या पारावर पोचे. भिक्षूंना संघ होता, कामगारांना गावकी होती.

आजच्या आपल्या मुलांना यांपैकी काहीच नाही. एक मंचरचा, एक लातूरचा, एक नागपूरचा. ओळख महाविद्यालयात झालेली, आणि घर अकरा महिन्यांचे. तिघांना मिळून एक संघ नाही, एक पार नाही. ज्यांच्यामागे रूढीचा आधार नाही त्यांनाच लेखाची गरज सर्वांत अधिक, आणि त्यांनाच लेखाचा संकोच सर्वांत अधिक, अशी ही विचित्र स्थिती आहे.

तेव्हा एकत्र राहावयास निघालेल्या मुलांना आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना आमची सूचना अशी की, घरात पाऊल टाकण्यापूर्वी, म्हणजे स्नेह ताजा असतानाच, एक पानभर लेख करावा. त्यात उषवदाताप्रमाणे हिशेब पुरता करावा: भाडे, अनामत, वीज, धान्य, कोणाचा वाटा किती व कोणत्या तारखेस. विनयाप्रमाणे आधी माणसे मोजावी, मग जागा मोजाव्या. चांगली खोली कोणाला, आणि ती किती महिन्यांनी पालटावयाची, हे ठरवावे. घर सोडणाऱ्याने किती दिवस आधी सांगावे आणि काय जागच्या जागी ठेवून जावे, हे लिहावे. पाहुणा किती रात्री राहील, अभ्यासाच्या वेळी शांतता केव्हा, स्वयंपाकघर व न्हाणीघर कोणी केव्हा धुवावे, अशा क्षुल्लक बाबी मुद्दाम लिहाव्या, कारण कौशांबीचा संघ क्षुल्लक बाबीवरच फुटला. सातकर्णीप्रमाणे, बदल करणे झाल्यास तोही लिहून करावा. आणि सर्वांत शेवटी एक कलम अवश्य असावे: महिन्यातून एक संध्याकाळ सर्वांनी एकत्र बसून हा लेख वाचावा, आणि ज्याला जे खुपत असेल त्याने ते समोरासमोर सांगावे, पाठीमागे नव्हे.

हा लेख न्यायालयात नेण्यासाठी नाही. न्यायालयात जाण्याची वेळ आली तर तो लेख फसला असेच समजावे. जुन्नरच्या खोल्यांत कित्येक पिढ्या अनोळखी माणसे एकत्र राहिली. ती सारी संत होती म्हणून राहिली असे त्यांचा विनय वाचणारा कधी म्हणणार नाही. माणसे संत नसतात हे आधीच मान्य करून त्यांनी आपली घडी बसविली होती, म्हणून राहिली. आपल्या मुलांनीही वेगळे होण्याची वाट न पाहता एकत्र येतानाच लेखणी उचलावी. सोबत्यावर अविश्वास म्हणून नव्हे. सोबत्याचा स्नेह पलंगाच्या पायाखाली सापडू नये म्हणून.